चिकडीच्या संकर पट्ट्यात नेस्ट बॉक्स: नोव्हेंबर ते जुलैच्या नोंदी

१६ नोव्हेंबर

आधी थोडक्यात हे काय चाललंय ते लिहिते, म्हणजे ओहायो, न्यू जर्सी किंवा इथे पेन्सिल्व्हेनियात कुणाला असंच करायचं असेल तर उपयोग होईल. आमचं घर लीहाय खोऱ्यात आहे. दाणे ठेवलेल्या फीडरवर वर्षभर चिकडी येते, आपल्या सह्याद्रीत जी काळ्या डोक्याची टिट दिसते त्याच घराण्यातली, काळी टोपी, हनुवटीखाली काळा डाग, गाल पांढरे. इथून उत्तरेला ब्लॅक-कॅप्ड चिकडी असते आणि दक्षिणेला कॅरोलायना चिकडी. न्यू जर्सीपासून पार कॅन्ससपर्यंत दोघींच्या हद्दीवर एक अरुंद पट्टा आहे, तिथे दोन्ही जाती सर्रास एकमेकींशी जोड्या जमवतात, म्हणून त्याला संकर पट्टा म्हणतात. आम्ही त्या पट्ट्यात राहतो. आणि हा पट्टा एका जागी थांबलेला नाही. टेलर, करी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००-०२ आणि २०१०-१२ असे दोनदा याच भागातल्या चिकड्यांचे डीएनए नमुने तपासले, तेव्हा तो दहा वर्षांत साधारण साडेअकरा किलोमीटर उत्तरेला सरकलेला निघाला. पट्टा कुठे असणार हे हिवाळ्यातल्या किमान तापमानाशी जुळतं, असंही त्यात दिसलं.

माझा प्रश्न साधा आहे. इतक्या वर्षांपासून दोघी एकमेकींत मिसळताहेत, तर आतापर्यंत एकच जात का नाही झाली? कुठेतरी अडतंय, ते कुठे? हे घरच्या घरी, कुठल्याही पक्ष्याला हात न लावता कितपत बघता येतं ते या नोंदींत आहे. हात लावायचा नाही हे आधीच पक्कं करा, कारण पक्षी पकडायला आणि ओळखीसाठी पायात कडी घालायला फेडरल परमिट लागतं आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा १९१८ चा कायदा इथे कडक आहे. नेस्ट बॉक्स (घरट्यासाठीचं लाकडी खोकं) लावून लांबून नोंदी ठेवायला मात्र परमिट लागत नाही.

३० नोव्हेंबर

पहिला टप्पा फोटो. पुस्तकात दिलेल्या खुणा अशा: ब्लॅक-कॅप्डच्या पंखावर पिसांच्या कडा ठळक पांढऱ्या, गाल मागपर्यंत पांढराशुभ्र, शेपटी जरा लांब. कॅरोलायना थोडी लहान, पंख एकसारखा राखाडी, गालाचा मागचा भाग मळकट. वजनात म्हणाल तर एक साधारण अकरा-बारा ग्रॅम, दुसरी दहाच्या आसपास, दुर्बिणीतून हा फरक कळणं शक्य नाही.

फोटो काढायचे तर आत्ताच काढा. उन्हाळ्याच्या शेवटी पिसं बदलतात, त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी पिसं नवी असतात आणि पांढऱ्या कडा शाबूत असतात. मागच्या मे महिन्यातले फोटो या महिन्यातल्या फोटोंशेजारी ठेवले तर मेमधले सगळेच पक्षी कॅरोलायना वाटतात, कारण बिळात आतबाहेर करून करून कडा झिजून गेलेल्या असतात. ते सगळे फोटो बाजूला काढले, ओळखीसाठी त्यांचा काही उपयोग नाही.

नव्या पिसांचेही फोटो बघितले तर निम्म्याहून जास्त पक्षी मधलेच दिसतात. पंखावर कडा आहे पण बारीक, गाल पांढरा आहे पण मागे करडा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर अशा पक्ष्यांसाठी दोन पर्याय आहेत, एक संकर आणि एक "कॅरोलायना/ब्लॅक-कॅप्ड" असा तिरक्या रेघेचा, म्हणजे दोघींपैकी कोण ते नक्की नाही. मी ठरवलंय की या पट्ट्यातला प्रत्येक पक्षी तिरक्या रेघेतच टाकायचा. संकर असं लिहायचं तर डीएनए हवा, तो माझ्याकडे नाही.

२१ डिसेंबर

थंडी पडली, फीडरवर झुंबड. कोण कुणाला हुसकावतं ते लिहून ठेवतेय. ओहायोमध्ये ब्रॉन्सन आणि सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात प्रयोग केले होते, त्यात कॅरोलायना नर आकाराने लहान असून ब्लॅक-कॅप्ड नरावर वरचढ ठरले आणि माद्यांचा कल, मग त्या कुठल्याही जातीच्या असोत, वरचढ नराकडे होता. पट्टा उत्तरेला सरकतो त्यामागे हेही एक कारण असू शकतं, असं ते म्हणतात. म्हणजे मादीने आपल्याच जातीचा नर निवडावा ही दोन जाती वेगळ्या ठेवणारी पहिली आडकाठीच इथे सैल आहे.

माझ्या फीडरवरच्या नोंदींतून मात्र काहीही सिद्ध होत नाहीये, कारण पायात रंगीत कड्या नसल्यामुळे कोणता पक्षी कोणता तेच कळत नाही, तोच पक्षी पाच वेळा मोजला गेला असेल. हे काम सोडून दिलं. कड्यांशिवाय कुणी यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र या दिवसांत रोज डोळ्यांसमोर घडते. चिकडी सूर्यफुलाचं एक बी उचलते, लगेच खात नाही, झाडाच्या सालीच्या फटीत नेऊन खोचते आणि पुन्हा येते. असं दिवसभर. हिवाळा या साठ्यावर काढायचा तर कुठे काय ठेवलंय ते आठवायला हवं. इथल्याच बेथलेहेम गावच्या लीहाय विद्यापीठात अँबर राइस यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की संकरित चिकड्या जागा लक्षात ठेवण्याच्या चाचणीत आणि नवीन कोडं सोडवण्यात दोन्ही मूळ जातींपेक्षा कमी पडतात. हे वाचल्यापासून मी बी खोचणाऱ्या पक्ष्याकडे वेगळ्या नजरेने बघते. पक्षी जन्माला आला, धडधाकट दिसतोय, पण जानेवारीच्या बर्फात त्याला आपलंच धान्य सापडत नसेल तर तीही आडकाठीच झाली की.

८ फेब्रुवारी

गाणी. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात कमी हाती लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लॅक-कॅप्डचं गाणं दोन सुरांची शीळ, फी-बी, पहिला सूर वर, दुसरा जरा खाली. कॅरोलायनाचं चार सुरांचं, फी-बी-फी-बे, एक सूर खूप उंच, लगेच एक खाली, पुन्हा तसंच. ऐकायला इतका स्पष्ट फरक आहे की वाटतं झालं काम, पहाटे फोन घेऊन उभं राहायचं, रेकॉर्ड करायचं, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) काढायचा आणि सूर मोजायचे. जानेवारीच्या मध्यापासून उन्हं आली की नर गायला लागतात, त्यामुळे रेकॉर्डिंग भरपूर मिळालं.

मग गेल्या आठवड्यात कुंपणाजवळच्या ओकवर एक नर चार सुरांचं गाणं म्हणत होता, मी रेकॉर्डर चालूच ठेवला होता, नजर त्याच्यावरून हलवली नाही आणि त्याच फांदीवर बसून त्याच पक्ष्याने पुढची तीन गाणी दोन सुरांची म्हटली. त्यानंतर एक तीन सुरांचं, जे कुठल्याच पुस्तकात बसत नाही. स्पेक्ट्रोग्रामवर तिन्ही प्रकार एका मिनिटाच्या आत दिसतात.

कारण असं की चिकडी गाणं शिकते. पिल्लू घरटं सोडतं, दुसरीकडे जाऊन राहतं आणि शेजारचे मोठे नर जे गातात ते उचलतं. आजूबाजूला दोन्ही गाणी असतील तर दोन्ही येतात. आई-बाप कोण होते ते गाण्यात उतरत नाही, शेजार कोणता होता ते उतरतं. व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात सॅटलर आणि सहकाऱ्यांनी गाणं आणि डीएनए असं दोन्ही ताडून बघितलं होतं, त्यांनाही गाण्यावरून संकर ओळखता येत नाही असंच आढळलं. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप जे नाव दाखवतं ते गाण्याचं नाव असतं, या पट्ट्यात त्यावरून पक्ष्याची जात लिहू नका. ईबर्डवर इथल्या कितीतरी नोंदी फक्त ऐकून केलेल्या आहेत आणि त्यामुळे नकाशा बिघडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिवाय स्पीकरवर गाणं वाजवून प्रतिसाद बघायचा प्रयोगही करू नका असं सांगेन. पट्ट्यातले नर दोन्ही गाण्यांवर चालून येतात, त्यातून निष्कर्ष निघत नाही आणि ऐन हंगामात पक्ष्याला विनाकारण त्रास.

२ मार्च

आवाज गेला, पिसं गेली, आता अंडी. ओहायोच्या अभ्यासात पट्ट्यातल्या घरट्यांत अंडी फुटण्याचं प्रमाण पट्ट्याबाहेरच्या घरट्यांपेक्षा कमी भरलं होतं. हे हात न लावता मोजता येतं. किती घातली, किती फुटली.

पण फक्त माझ्याकडची घरटी मोजून उपयोग नाही, तुलना हवी. त्यामुळे तीन ठिकाणं केली. दक्षिणेला रेडिंग शहराच्याही खाली राहणारा एक मित्र, त्याच्याकडे आता कॅरोलायनाच, मध्ये आम्ही, उत्तरेला पोकोनो डोंगरात राहणारी मैत्रीण, तिच्याकडे निव्वळ ब्लॅक-कॅप्ड. तिघांचे बॉक्स एकाच मापाचे, तिघांची नोंदवही एकसारखी. रेडिंगजवळच्या नोल्डे फॉरेस्टमध्येच २००० च्या सुमारास संकराची गर्दी होती, पुढे ती उत्तरेला हॉक माउंटनकडे सरकली, त्यामुळे आपलं घर पट्ट्यात आहे की नाही हे जुन्या नकाशावरून ठरवू नका.

मापं: तळ चार बाय चार इंच, भोक ते तळ आठ इंच, लाकूड न रंगवलेलं सीडर. भोक एक इंच एक सूत, म्हणजे साधारण २९ मिलिमीटर, यापेक्षा एक सूतही जास्त नको. कुंपणाच्या सीडर फळ्या घेतल्या तर एका बॉक्सचा खर्च आठ-नऊ डॉलर येतो. खांब आणि त्यावर चढणाऱ्या रकून-सापांना अडवायला आठ इंची धुराड्याचा पत्र्याचा पाइप, याचे प्रत्येकी पंचवीसेक डॉलर. बॉक्सपेक्षा खांब महाग पडतो, पण तिथे कंजूषी केली तर सगळा हंगाम रकूनच्या पोटात जातो.

आत तळाला इंचभर लाकडाचा भुसा घालायचा. चिकडी कुजक्या लाकडात स्वतः पोकरून घर करणारी आहे, रिकाम्या बॉक्सपेक्षा भुसा उपसायला मिळाला की तिचं मन लवकर बसतं.

१३ एप्रिल

रेडिंगच्या मित्राने वेळ वाचवायला दोन बॉक्स दुकानातून तयार आणले होते, त्यांचं भोक दीड इंचाचं, ब्लूबर्डसाठीचं. दोन्हींत घरचिमण्या शिरल्या. घरचिमणी इथे परदेशी पाहुणी आहे, कायद्याचं संरक्षण तिला नाही आणि आतल्या पक्ष्याला ती मारूनही टाकते. त्याने भोकावर एक इंच एक सुताची लाकडी चकती स्क्रूने बसवली, चिमण्या गेल्या, पण तोवर चिकड्यांनी दुसरीकडे जागा बघितली. त्याच्याकडचे ते दोन बॉक्स यंदा बाद. चकती पन्नास सेंटची होती, मार्चमध्ये लावली असती तर दोन घरटी जास्त मिळाली असती.

आमच्याकडे दोन बॉक्समध्ये चिकड्या घरट्यासाठी शेवाळं आणायला लागल्यात. तळाला हिरवं शेवाळं, त्यावर ससा, खार, जे मिळेल त्याचे केस.

२९ एप्रिल

अंडी सुरू. मोजण्यात अडचण अशी की मादी रोज एक अंडं घालते आणि बाहेर जाताना सगळी अंडी केसांच्या गादीखाली झाकून जाते. फोनला जोडायचा तीस डॉलरचा एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आणलाय, त्यातून बघितलं तर घरटं रिकामं दिसतं. मैत्रिणीने पोकोनोमधून "अजून काही नाही" असं सलग लिहिलं आणि मग एकदम सहा अंडी. त्यामुळे पहिलं अंडं कधी घातलं तो रकाना आम्ही वहीतून काढूनच टाकला. मादी उबवायला बसली की अंडी झाकत नाही, तेव्हा ती चरायला बाहेर पडली की पटकन मोजायचं. तोच आकडा धरायचा.

ती आत असेल तर एंडोस्कोप घालू नका. चुकून आत दिसलीच तर कळेल, सापासारखा फुस्स आवाज करून भिंतीवर पंख आपटते, छाती धडधडायला लागते बघणाऱ्याची. झटकन बाहेर काढायचं आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही.

९ मे

हाउस रेन आली. हा एवढासा तपकिरी पक्षी, भोक एक इंच एक सुताचं असलं तरी आत जातो, चिकडीच्या अंड्यांना चोचीने भोकं पाडतो आणि वर काटक्या भरतो. झुडपांच्या कडेला लावलेल्या बॉक्समधली पाच अंडी अशी गेली. पांढऱ्या, तांबूस ठिपक्यांच्या कवचाला एकेक टोचा. रेन इथली देशी आहे, तिला हात लावता येत नाही, तिचं घरटंही काढता येत नाही. उपाय एकच, बॉक्स झुडपांपासून लांब, मोठ्या झाडांच्या आत. पुढच्या वर्षी तसंच.

आणि हे घरटं "अंडी फुटली नाहीत" या रकान्यात धरायचं नाही. रेनने फोडलेली, सापाने खाल्लेली, मादी सोडून गेलेली, ही सगळी वेगळी. आपल्याला फक्त ती अंडी हवीत जी शेवटपर्यंत उबवली आणि तरी फुटली नाहीत. हा भेद ठेवला नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

१९ मे

उबवायला बारा-तेरा दिवस लागतात. दाट झाडीतल्या बॉक्समध्ये सात अंडी होती. पिल्लं बाहेर आली तेव्हा चार होती. दोन दिवस थांबले, कधी कधी एखादं उशिरा फुटतं. आज आई-बाप दोघंही अळ्या आणायला गेलेले बघून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं. चार उघडी गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेले, पिवळ्या कडांची तोंडं वर, आणि त्यांच्या मध्ये तीन अंडी अगदी अखंड. तडा नाही, टोचा नाही. आईने ती इतके दिवस पोटाखाली धरली होती.

त्याच दरम्यान फाटकाजवळच्या बॉक्समध्ये सहाच्या सहा फुटली. दोन्ही घरट्यांवर पाऊस तोच, थंडी तीच. म्हणजे तीन अंड्यांचा दोष हवामानाला लगेच देता येत नाही. पण साधं वांझ अंडंही असू शकतं, निव्वळ जातीच्या घरट्यातही एखाद-दुसरं राहतंच. एका घरट्यावरून कुणी संकर जाहीर करू नये.

२७ मे

बारा दिवसांची पिल्लं झाली की बॉक्स उघडणं बंद. त्यानंतर झाकण हललं तरी पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या मारतात. इथे सगळे आकडे लिहून बॉक्सना राम राम.

१५ जून

पिल्लं उडाली. तिन्ही ठिकाणचे आकडे एकत्र मांडले. दक्षिणेकडे आणि पोकोनोमध्ये मिळून अखंड राहिलेली अंडी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या पट्ट्यात फाटकाजवळचं घरटं सोडलं तर एकेका घरट्यात दोन-दोन, तीन-तीन. घरटी फार थोडी आहेत, त्यामुळे टक्केवारी मुद्दाम देत नाही, पण दिशा तीच दिसते जी ओहायोत दिसली.

रेडिंगच्या मित्राने फोनवर विचारलं, "अगं पण फाटकाजवळची सहाही फुटली ना, मग?" बरोबर आहे त्याचं. त्या घरट्यातले आई-बाप कदाचित एकाच जातीकडे झुकलेले असतील, कदाचित नसतील. शिवाय चिकडीत घरट्यातलं प्रत्येक पिल्लू त्या घरट्यातल्या नराचंच असतं असं नाही. आणि फुटलं म्हणजे सुटलं असंही नाही, त्या सहांमधल्या मुली पुढे स्वतः अंडी घालतील तेव्हा ती फुटतील का हा प्रश्न उरतोच. पक्ष्यांमध्ये दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं मादीकडे असतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलं की संकरात ज्या लिंगाकडे वेगवेगळी गुणसूत्रं असतात, त्यालाच आधी फटका बसतो, ते जगत नाही किंवा वांझ निघतं. म्हणजे इथे मुली. (हे हॉल्डेन नंतर भारतात आले, भारतीय नागरिक झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत असतं.)

हे वाचून मला नोव्हेंबरच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी लागतं. आडकाठी गाण्यात नाही, रूपात फारशी नाही, मादीच्या निवडीतही डळमळीत आहे. राइस यांच्याच गटाने दोन्ही जातींच्या अंगावरच्या तेलाचा वास वेगळा असतो आणि पक्ष्यांना आपल्या जातीचा वास पसंत पडतो असंही दाखवलंय, म्हणजे निवड अगदी शून्य नाही. पण खरी अडचण बंद अंड्याच्या आत आणि नंतर हिवाळ्यात डोक्याच्या आत आहे. आपण पक्षीनिरीक्षक मंडळी डोळे आणि कान घेऊन फिरतो, आणि इथे दोन्हींना दिसत-ऐकू येत नाही तिथेच दोन जाती वेगळ्या राहिल्यात. विशेष म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणीही नाहीत, डीएनएनुसार ब्लॅक-कॅप्डला जवळची पश्चिमेकडची माउंटन चिकडी. कॅरोलायना दिसायला जवळ, नात्याने जरा लांब.

५ जुलै

बॉक्स साफ केले. घरटं रिकामं झाल्यावर काढायला हरकत नाही, पण न फुटलेली अंडी घरी आणून ठेवायची नाहीत, आठवण म्हणूनही नाही, कायद्याने गुन्हा आहे. फोटो काढला, स्केलशेजारी ठेवून, आणि घरटं झाडीत टाकून दिलं. आकडे नेस्टवॉच या घरट्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर भरले, जातीच्या जागी जिथे खात्री नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं.

पुढच्या वर्षीसाठी: परमिट असलेल्या एक बाई इथून तासाभरावर राहतात, त्या आमच्या बॉक्सवर येऊन मोठ्या पक्ष्यांना कड्या घालायला आणि पिसाचा नमुना घ्यायला तयार आहेत, म्हणजे कुठल्या घरट्याचे आई-बाप किती मिसळलेले आहेत ते अंड्यांच्या आकड्याशेजारी लिहिता येईल. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बॉक्स सगळे एक इंच एक सुताचे, झुडपांपासून दोनशे फूट आत. आणखी घरं हवीत, विशेषतः हॉक माउंटन ते पोकोनो या मधल्या भागातली. त्या बाजूला कुणी मराठी घर असेल आणि अंगणात चार झाडं असतील तर सांगा, बॉक्स मी बनवून देते, खांब तुमचा. फेब्रुवारी संपायच्या आत ते लागायला हवेत.